भाग क्रमांक चौदा, एक नग

हिमोग्लोबिन ९.१

शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करणाऱ्या एका बाईंना ऑपरेशनसाठी पंचेचाळीस दिवसांची रजा हवी होती. गोष्ट एवढीच आहे. शाळेने रजा सरळ नाकारली असती तर ती अर्ध्या पानात संपली असती. पण शाळेने अर्जाचा नियमानुसार विचार करायचं ठरवलं, आणि गोष्ट लांबली.

बाईंना सगळे मावशी म्हणत. बरण्या पुसणं, सूक्ष्मदर्शकांवर टोप्या चढवणं, फॉर्मॅलिनमधला बेडूक अजून बरणीतच आहे याची रोज खात्री करून घेणं ही त्यांची कामं. गेले सात महिने त्यांना महिन्यातले वीस-वीस दिवस रक्तस्राव होत होता. जिना चढताना मधल्या वळणावर भिंतीला टेकावं लागे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन पाहिल्या, मग सोनोग्राफी केली. गर्भाशयात तीन गाठी निघाल्या, त्यातली मोठी मोसंब्याएवढी.

"गर्भाशय काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "अंडाशय ठेवू. पण महिन्याभरात या. त्याहून थांबलात तर मला आधी रक्त चढवावं लागेल आणि मग तुमच्यावर ओरडावं लागेल."

दाखल्यावर त्यांनी तसंच लिहून दिलं आणि मावशींनी ते जसंच्या तसं अर्जात उतरवलं. चूक झाली ती इथे.

हेडक्लार्कांची खिडकी उंच होती. बाहेर उभ्या राहणाऱ्याला आतला फक्त चष्मा दिसे. खिडकीशेजारी पाटी होती: मंजुरीविना दहा दिवस गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजण्यात येईल. मावशींनी अर्ज आत सरकवला. चष्मा दोन ओळी खाली उतरला, तिसऱ्या ओळीवर थबकला, आणि कागद चटकन पालथा झाला.

"मावशी, असं लिहितात का?"

"मग कसं लिहितात?"

"पोटाचं ऑपरेशन म्हणायचं."

"मागच्या वर्षी शिपायाने पोटाचंच लिहिलं होतं. तुम्ही परत पाठवलंत. अवयव स्पष्ट नमूद करावा, असा लाल शाईने शेरा मारलात."

"त्याचं अपेंडिक्स होतं हो! अपेंडिक्स नमूद करायला काय जातं?"

"मग मीही नमूदच केलंय."

"इतकं?" चष्म्याने आजूबाजूला पाहिलं. खोलीत पंख्याशिवाय कुणी नव्हतं. "मूतखडा लिहा ना. मूतखड्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. प्राचार्यांना दोनदा झालाय. प्रतिष्ठित आजार आहे."

"डॉक्टरीणबाई खोटा दाखला देत नाहीत."

"मग माझा नाइलाज आहे," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी पालथा अर्ज बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून त्यावर टेबलावरचं वजन ठेवलं. हे वजन म्हणजे प्लास्टरची एक जुनी वस्तू होती. मुठीएवढी, फिकट गुलाबी, वर रुंद आणि खाली निमुळती, दोन्ही बाजूंनी फुटून खाली वळलेली दोन शिंगं. विचार करताना तिच्या माथ्यावरून तळवा फिरवायची त्यांना सवय होती. माथा त्यामुळे चांगला गुळगुळीत झाला होता.

खिडकीबाहेरून मावशींना हे काही दिसलं नाही.


हिमोग्लोबिन ८.४

आठव्या दिवशी प्रयोगशाळेची वार्षिक मोजदाद पाच वर्षांनी आली. मोजणारे दोघे, चित्रकलेचे सर आणि पी.टी.चे सर. जीवशास्त्राच्या माणसाने जीवशास्त्राची प्रयोगशाळा मोजू नये असा नियम आहे, म्हणून जीवशास्त्राचे सर बाजूला उभे राहून सहकार्य करत होते.

दोन कपाटांच्या मध्ये शाळेची प्लास्टरची बाई उभी होती. मानेपासून मांडीपर्यंतच, पोट उघडं आणि आतले तेवीस भाग हुकांना अडकवलेले. मुली तिला ताईसाहेब म्हणत. मावशी रोज ताईसाहेबांचं काळीज, फुप्फुसं, यकृत काढून पुसत आणि परत बसवत. अंधारातही बसवू शकल्या असत्या.

पी.टी. सर रजिस्टरमधून कवायतीच्या आवाजात आकडे पुकारू लागले.

"बारा, मोठं आतडं!"

"आहे," चित्रकलेचे सर म्हणाले.

"तेरा, मूत्राशय!"

"आहे."

"चौदा, इतर!"

चित्रकलेच्या सरांनी ताईसाहेबांच्या पोटात वाकून पाहिलं. मूत्राशयाच्या मागे रिकामा हूक होता. "इतर नाही."

"इतर म्हणजे काय पण?"

तीस वर्षांपूर्वी ज्या कुणा सभ्य माणसाने ही बाई रजिस्टरात चढवली, त्याचा हात तेरापर्यंत धीराने आला होता आणि चौदाला डगमगला होता. दोन्ही सरांनी जीवशास्त्राच्या सरांकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"गर्भाशय," मावशी म्हणाल्या. "नळ्या आणि अंडाशयांसकट एक नग."

पी.टी. सरांच्या ओठातली शिट्टी खाली पडून दोरीला लोंबकळली. "मावशी, हळू!"

"इथे आपण चौघंच तर आहोत."

"तरीपण."

जीवशास्त्राच्या सरांबद्दल गैरसमज नको. ते विद्वान होते. झाडाच्या प्रजननावर ते तीन तास बोलत आणि परागकणापाशी त्यांचा आवाज भरून येई. माणसाचा धडा आला की ते पुस्तक मिटत, म्हणत, "हा सोपा आहे, घरी वाचा," आणि वेळ उरला म्हणून पुन्हा जास्वंदीचं फूल घेत. त्यांच्या हाताखालून अशा वीस तुकड्या गेल्या. जास्वंदीला मूल होत नसेल तर त्यातली कुठलीही मुलगी सल्ला देऊ शकली असती.

घरी वाचलेल्या धड्याच्या शंका घेऊन मुली मधल्या सुट्टीत मावशींकडे येत. चार वर्षं चौदा नंबर जागेवर नव्हता, म्हणून मावशी स्वतःच ताईसाहेबांशेजारी दोन्ही हात पसरून उभ्या राहत.

"हे बघा, माझं डोकं म्हणजे गर्भाशय. हे हात म्हणजे दोन नळ्या. मुठी म्हणजे अंडाशय. एखाद्या महिन्यात या मुठीतून बी सुटतं, एखाद्या महिन्यात त्या. नळी ते उचलून आत आणते. तोवर आत पाहुणा येणार म्हणून गादी घालून ठेवलेली असते. पाहुणा आला तर राहतो नऊ महिने. नाही आला तर गादी गुंडाळून बाहेर. तेच ते रक्त. घाण नाही, पाप नाही, गादी आहे."

"मग दर महिन्याला घालायचीच कशाला, मावशी?"

"शरीर तुमच्यासारखंच आहे बाळांनो. एकदा सांगून ऐकत नाही."

एवढं सांगून हात खाली घेतल्यावर हल्ली त्यांना डोळ्यांपुढे अंधारी येई. मग त्या बेडकाच्या बरणीला धरून उभ्या राहत.

मोजदादीचा अहवाल हेडक्लार्कांकडे गेला. त्यात लिहिलं होतं: "भाग क्र. १४ (इतर) आढळून आला नाही." हेडक्लार्कांना हायसं वाटलं. आठ दिवस तो पालथा अर्ज फाईलविना पडून होता, कारण फाईल करायची तर पाठीवर विषय लिहावा लागतो आणि तो शब्द त्यांच्या अक्षरात, शाळेच्या कपाटात, कायमचा राहिला असता. आता त्याला सभ्य नाव मिळालं. शिवाय एका विषयाची एकच फाईल असा नियमच होता. त्यांनी अहवाल आणि अर्ज एकत्र टाचले, आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

विषय: भाग क्र. १४ बाबत.


हिमोग्लोबिन ७.६

"माझ्या रजेचं काय झालं?" मावशींनी खिडकीशी विचारलं.

"समितीपुढे आहे."

"रजेला समिती?"

"रजेला नाही, भागाला. भाग सापडेपर्यंत फाईल हलत नाही, आणि तुमचा अर्ज त्या फाईलीत आहे. पण काळजी करू नका, समिती लवकर नेमली. एरवी वर्ष जातं."

हरवलेली वस्तू ओळखण्याच्या समितीत पाच जण असतात. अध्यक्ष प्राचार्य, तज्ज्ञ म्हणून जीवशास्त्राचे सर, शिवाय चित्रकलेचे सर, पी.टी.चे सर आणि एक महिला सदस्य. महिला सदस्याची जागा रिक्त होती, कारण गणिताच्या बाईंना जाऊन विचारायचं कुणी, आणि काय म्हणून, हे ठरलं नाही.

प्राचार्यांच्या दालनाला रंग लागत होता म्हणून समिती हेडक्लार्कांच्या टेबलाभोवती बसली. मावशींना माहिती देण्यासाठी बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खिडकीच्या आतल्या बाजूला आल्या. खुर्ची नव्हती. उभ्या राहिल्या. टेबलावर नजर गेली आणि त्यांना दोन क्षण आपला अशक्तपणाच भोवतोय असं वाटलं.

"साहेब, चौदा नंबर इथेच आहे."

"कुठे?" प्राचार्यांनी खुर्चीखाली पाहिलं.

"यांच्या हाताखाली."

हेडक्लार्कांचा तळवा गुळगुळीत माथ्यावर गोल फिरत होता. तो थांबला.

"हे? हे बैलाचं डोकं आहे. कुणाच्या तरी निरोपसमारंभातलं."

"कोणत्या बैलाच्या शिंगांना झालर असते?" मावशींनी ते उचललं. त्याच्या खालचा स्वतःचा अर्ज त्यांना दिसला, पण आधी हातातलं. "हे गर्भाशय. खाली निमुळतं होतं ते त्याचं तोंड. शिंगं म्हणजे अंडवाहिन्या. ही बोंडं अंडाशयांची. उजवं बोंड अकरा वर्षांपूर्वी पुसताना माझ्याच हातून तुटलं, डिंकाने चिकटवलंय, डाग बघा. आणि हा मागे नंबर." त्यांनी ते उलटं केलं. मागे १४ होतं.

हेडक्लार्कांनी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. खिशात घातला, लगेच बाहेर काढला, रुमालाने पुसला, मग रुमालाचाही संशय आला.

"सर," मावशी जीवशास्त्राच्या सरांना म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी तपासणीला पाहुणे येणार होते, तेव्हा तुम्हीच हे वर्तमानपत्रात गुंडाळून खाली आणलं होतं ना? पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही म्हणालात. परत न्यायचं राहिलं."

सरांनी पंखा शोधला. या खोलीत तो नेमका त्यांच्या डोक्यामागे होता.

"सर, तुम्ही तज्ज्ञ आहात," प्राचार्य म्हणाले. "हे ते आहे का?"

"मी सिद्धान्त शिकवतो. प्रात्यक्षिक मावशींकडे असतं."

"सिद्धान्तात ते कसं दिसतं?"

"पुस्तकात दिलंय, उलट्या नासपतीसारखं."

सगळ्यांनी वस्तूकडे निरखून पाहिलं.

"हे नासपतीसारखं नाही," पी.टी. सर म्हणाले. "बैलासारखंच आहे."

खरी अडचण निराळी होती आणि ती कुणी बोलत नव्हतं. ती वस्तू चौदा नंबर निघाली, तर हेडक्लार्क चार वर्षं, भर कार्यालयात, पालकांसमक्ष तिच्यावरून हात फिरवत होते. प्राचार्यांनी एकदा तिने अक्रोड फोडला होता. समितीने मावशींना बाहेर थांबायला सांगितलं आणि वीस मिनिटांत पुढील कार्यवृत्त तयार झालं:

टेबलावरील वस्तू ही पेपरवेट आहे, कारण ती चार वर्षे पेपरवेटचे काम समाधानकारकपणे करत आहे. तिची कार्यालयाच्या रजिस्टरात "पेपरवेट, एक नग" अशी नोंद घ्यावी. मागील बाजूचा आकडा योगायोगाचा समजावा. वस्तू ओळखणे हे प्रयोगशाळा सेविकेच्या कामात मोडत नाही. यापुढे त्यांनी वस्तू ओळखू नयेत अशी तोंडी समज देण्यात आली. तज्ज्ञांनी दिलेल्या वर्णनाशी जुळणारी वस्तू शाळेच्या आवारात शोधावी. तोवर रजेचा अर्ज प्रलंबित ठेवावा.

महिला सदस्य: रिक्त. ठराव एकमताने मंजूर.


हिमोग्लोबिन ६.८

शोध अडीच दिवस चालला आणि चित्रकलेच्या वर्गात संपला. तिथल्या फळीवर मुलांना रेखाटायला ठेवलेली प्लास्टरची फळं होती. त्यात नासपती होती.

तज्ज्ञांच्या उपस्थितीत ती प्रयोगशाळेत आणण्यात आली. चित्रकलेच्या सरांनी तिला गुलाबी रंग दिला आणि देठावरचं पान आधी घासून टाकलं, मग शोभा येते म्हणून परत रंगवलं. प्रश्न उरला दिशेचा.

"उलटी म्हणजे कशी?" पी.टी. सरांनी विचारलं. "फळ झाडावर लटकतं ती सुलटी, की टेबलावर बसतं ती?"

"झाडावरची सुलटी," जीवशास्त्राचे सर म्हणाले. वनस्पतींचा विषय निघताच त्यांचा आत्मविश्वास परत आला होता. "म्हणून देठ खाली."

मावशी दाराशी बेडकाची बरणी छातीशी धरून उभ्या होत्या. समज दिलेली असल्यामुळे त्यांनी काही ओळखलं नाही. नासपती सुतळीने हुकाला बांधण्यात आली. चौघांनी आळीपाळीने ती पाहिली आणि सह्या केल्या.

दोन दिवसांनी मावशींना पत्र मिळालं. त्यांनी ते घरी नेऊन लेकीच्या हातात दिलं. लेकीने मोठ्याने वाचलं:

"विषय: भाग क्र. १४ बाबत. आपल्या अर्जात नमूद भाग समितीने समक्ष पाहिला. तो योग्य जागी असून सुस्थितीत आहे. रंग ताजा आहे. सबब तो काढण्याची आवश्यकता दिसून येत नाही. रजा नामंजूर. फाईल बंद." तिने पत्र उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. "आई, हे काय आहे?"

"कळत नाही? मी बरी झाले."

"आई, हसू नकोस. ओठ पांढरे पडलेत तुझे."

डॉक्टरीणबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "तुमचे प्राचार्य डॉक्टर आहेत?"

"इतिहासाचे आहेत."

"बरोबर. त्यांनी इतिहासात पाहिलं असेल. मी आजचं रक्त पाहिलंय, सहा पूर्णांक आठ. गुरुवारी दाखल व्हा. आधी दोन बाटल्या रक्त, मग ऑपरेशन. रजा मिळो न मिळो. नाहीतर नोकरी राहील आणि ती करायला तुम्ही नसाल."

मावशी शेवटचा प्रयत्न म्हणून खिडकीशी गेल्या. उभं राहवेना, म्हणून दोन्ही हातांनी कठडा धरला.

"साहेब, तुम्ही पाहिलात तो भाग ताईसाहेबांचा. माझा माझ्याकडे आहे आणि तो सुस्थितीत नाही."

"मला कळतंय हो," हेडक्लार्क हळहळून म्हणाले. "पण फाईल एक आहे. एका फाईलीत एकच भाग एकदा सुस्थितीत आणि एकदा खराब कसा दाखवू? लेखापरीक्षणात मी काय सांगू?" त्यांनी नियमावली उघडली. ते दुष्ट नव्हते. वाट शोधत होते. "हं. बल्बचा नियम आहे. निकामी झालेला बल्ब कार्यालयात जमा केला की बंद नोंद परत उघडता येते. तुम्ही तुमचा निकामी भाग जमा करा. मी त्याच दिवशी फाईल उघडतो आणि रजा मागच्या तारखेपासून लावतो."

"म्हणजे आधी ऑपरेशन, मग त्याची रजा."

"आधी पुरावा. आम्ही काही माणुसकीच्या विरोधात नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मावशी, जाताना हे घेऊन जा. कुठेतरी टाकून द्या. माझा हात लागत नाही आता." लाकडी पट्टीने ढकलत ढकलत त्यांनी पेपरवेट खिडकीतून बाहेर काढलं.

मावशी ते घेऊन जिना चढल्या. वळणावर दोनदा टेकल्या. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी सुतळी कापली, नासपती काढून पिशवीत टाकली आणि चौदा नंबर त्याच्या हुकावर अडकवला. टक् असा आवाज आला. चार वर्षांनी ताईसाहेबांचं पोट भरलं. गुरुवारी त्या दाखल झाल्या.


हिमोग्लोबिन ११.२

त्रेचाळीस दिवसांनी त्या कामावर हजर झाल्या. जिना वळणावर न थांबता चढल्या, आणि वर गेल्यावर गंमत म्हणून खाली उतरून पुन्हा चढल्या. खिडकीत नोटीस तयारच होती. दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी, नोकरी सोडली असे का समजू नये.

मावशींनी पिशवीतून पांढऱ्या कापडात गच्च शिवलेलं एक पुडकं काढलं आणि आत सरकवलं.

"हे काय?"

"बल्ब."

हेडक्लार्क खुर्चीसकट मागे सरले. "म्हणजे... तो?"

"निकामी भाग. जमा करा म्हणाला होतात. कात्री देते, उघडून तपासून घ्या."

"नको! नको. तपासला."

"न उघडता?"

"माणसावर विश्वास नको का ठेवायला?" त्यांनी पट्टीनेच ते पुडकं स्टीलच्या कपाटात लोटलं, दार लावलं, दुहेरी कुलूप घातलं, आणि पावती लिहून दिली:

भाग क्र. १४, एक नग, मिळाला. बाहेरून तपासला. योग्य आढळला.

रजा मागच्या तारखेपासून मंजूर झाली. नोटीस रद्द झाली. कपाटात अशा रीतीने एक गुलाबी नासपती, पानासकट, कायमच्या बंदोबस्तात गेली. आणि मधल्या सुट्टीत मावशींनी पहिल्यांदाच हात न पसरता धडा सांगितला. चौदा नंबर मुलींच्या हातातून हातात फिरला.

"मावशी, एवढंसंच असतं?"

"एवढंसंच."

"आणि तुमचं काढलं? मग तुम्हाला आता कसं वाटतं?"

"जिना चढता येतो," मावशी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मोजदाद आली. पी.टी. सर पुकारत होते, चित्रकलेचे सर वाकून बघत होते.

"तेरा, मूत्राशय!"

"आहे."

"चौदा!"

चित्रकलेचे सर वाकले आणि तसेच राहिले. "अहो, हे कार्यालयातलं पेपरवेट इथे कुणी अडकवलं?"

रजिस्टरं ताडून पाहिली. कार्यालयात एक पेपरवेट कमी होतं. प्रयोगशाळेत एक जास्त होतं. भाग क्रमांक चौदाची रीतसर पावती होती, तो कपाटात सुरक्षित होता. हिशेब लख्ख जुळला. जीवशास्त्राच्या सरांनी पंख्याकडे पाहत सही केली. मावशींनी तोंड उघडलं, पण त्यांना समज दिलेली होती आणि ती अजून लागू होती. पी.टी. सरांनी ते हुकावरून काढलं आणि खाली नेऊन हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवलं. वर्षभरात हेडक्लार्कांना विसर पडला होता. शिवाय कार्यवृत्तातही ते पेपरवेटच होतं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होते. त्यांनी ते गठ्ठ्यावर ठेवलं. सगळ्यात वरचा अर्ज गणिताच्या बाईंचा होता, पालथा.

मुली मधल्या सुट्टीत आल्या तेव्हा मावशींनी प्रयोगशाळेची खिडकी उघडली, ताईसाहेबांशेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले.

इथपर्यंत वाचून जे समितीला हसले, त्यांच्यासाठी एक खुलासा. ती वस्तू पहिल्याच प्रसंगात टेबलावर होती. मुठीएवढी, फिकट गुलाबी, वर रुंद, खाली निमुळती, दोन बाजूंना वळलेल्या दोन शिंगांची. लपवलेलं काही नव्हतं. तुम्ही तिच्यावरून पुढे गेलात. आणि ज्यांनी तिथेच ओळखलं होतं, त्यांनी ही गोष्ट आज घरी, सगळे बसलेले असताना, मोठ्याने वाचून दाखवावी. वाचता वाचता आवाज आपोआप जिथे खाली येईल, तिथे बोट ठेवून थांबावं आणि शाळेला कळवावं.

समितीतली पाचवी जागा अजून रिकामी आहे. महिलाच हवी असा काही आग्रह नाही.